सैल

सकाळी सहाला धनकवडीच्या लॅबचं शटर वर जातं
आणि उपाशीपोटी आलेली माणसं ओळीत बसतात.
मी दंडाला रबर बांधते, म्हणते,
मूठ आवळा. थोडं टोचेल हं.
आता मूठ सोडा.
दिवसाला साठ-सत्तर मुठी.
कुणाची साखर किती, ते दुपारपर्यंत मला कळतं,
त्यांच्या घरच्यांच्याही आधी.

माझी ठरते रात्री पावणेबाराला.
कात्रजकडची शेवटची बस निघून गेली की
स्वयंपाकघरात दिवा न लावता,
फ्रिजच्या उजेडात, उभ्यानं.
आधी एक क्रीम रोल.
मग पुड्यातले उरलेले तीन, कारण एक खाल्लाच आहे.
मग निहारच्या डब्याची चॉकलेटची बिस्किटं,
मग कंडेन्स्ड मिल्क, चमच्यानं,
मग बोटानं.
काहीच उरत नाही तेव्हा गूळ, सुरीनं खरवडून,
ज्याची चवसुद्धा लागत नाही.
उभ्यानं खाल्लेलं धरत नाहीत, असं आत कुणीतरी म्हणतं
आणि शेवटचा घास उतरला की तेच कुणीतरी
फाडफाड बोलायला लागतं.
पांढरा कोट घालून लोकांना पथ्य सांगतेस?

आवाज ओळखीचा आहे.
आठवीत होते. एका मुंजीत जिलबी वाढणाऱ्याला
मोठी काकू म्हणाली होती, हिला पुरे.
पंगतभर ऐकू जाईल असं.
तेव्हापासून पंगतीत मी एकच जिलबी खाते.
बाकीच्या घरी येऊन.

दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून डबा अर्धा परत आणते.
म्हणजे रात्री भूक असतेच, खरीखुरी,
पण ती मी कधी हिशेबात घेतली नाही.

कागदांचा चोळामोळा वर्तमानपत्रात,
वर्तमानपत्र पिशवीत, पिशवी डब्याच्या तळाशी,
वर कांद्याची सालं.
ओला वेगळा, सुका वेगळा,
हे सगळ्या पुण्याला पाठ आहे. मी रात्री विसरते.

परवा जिन्यात बसून हौसाबाई कचरा निवडत होत्या.
मी दाराआड.
त्यांनी पिशवी सोडली, वर्तमानपत्र उलगडलं,
क्रीम रोलचा कागद मांडीवर ठेवून
तळहातानं सपाट केला. मग दुसरा.
वर न बघता म्हणाल्या,
ताई, इतकं गच्च नका चुरगाळत जाऊ.
सैल टाका. मला सोडवत बसावं लागतं.

किती कागद, ते त्यांनी मोजलं नाही.
किंवा मोजलं असेल.
त्यांना अख्ख्या बिल्डिंगचं माहीत असतं,
कुणाच्या बाटल्या, कुणाच्या झोपेच्या गोळ्या,
आणि तरी त्या सगळ्यांकडे पाणी मागून पितात.

आज लॅबमध्ये कुंजीर आजोबा
खुर्चीत बसायच्या आधीच कबूल झाले,
रात्री दोन पेढे खाल्ले, नातीचा निकाल होता.
रागावू नका.
मी म्हटलं, रागवायचं काय त्यात?
खाल्ले तर खाल्ले. हात द्या इकडे.

किती सहज आलं तोंडात.
रोज कुणाला ना कुणाला म्हणत असेन.
मग हे वाक्य संध्याकाळी कोटाबरोबर
खुंटीलाच का राहतं?

रात्री दिवा लावला.
बशी घेतली, खुर्ची ओढली, बसले.
एक क्रीम रोल खाल्ला. दुसराही.
दुसऱ्यात व्हॅनिलाचा वास होता, बरा होता,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा लक्षात आला.
तिसऱ्याकडे हात गेला
आणि आतला आवाज सुरू होणार तेवढ्यात
मी माझंच मनगट धरलं,
शीर शोधताना धरते तसं, अलगद.
थोडं टोचेल हं, म्हटलं.

तिसरा खाल्ला की नाही ते सांगत नाही.
कुणी विचारलं तर म्हणेन, असू दे.
कागद मात्र बशीशेजारी ठेवून
तळहातानं सपाट केले
आणि सुक्याच्या डब्यात ठेवले, सगळ्यांत वर.

हौसाबाई आठला येतात.